ब्रशलेस पंख्याला ईएससी निवडताना या चुका टाळा

हॉवरक्राफ्टच्या मॉडेलसाठी ६४ मिमीचा डक्टेड फॅन (नळीत बसवलेला पंखा) घेतला, तेव्हा मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीबद्दल (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) दुकानात मी एकच प्रश्न विचारला होता: "ईएससी किती अँपिअरचा लागेल?" "चाळीसचा न्या, काही होत नाही." खरंच, जळलं काही नाही. पण थ्रॉटल पुढे सारला की पंखा आळस देत उठायचा आणि तीनेक सेकंदांनी जोर धरायचा. दोन दिवस मोटरवर संशय घेतला. निघालं काय, तर ईएससी हेलिकॉप्टर मोडवर होता. हेलिकॉप्टरची पाती जड. गिअरचे दात तुटू नयेत म्हणून त्या मोडमध्ये मोटर मुद्दाम हळू उचलतात. विमानाचा मोड लावला, काम झालं.

अँपिअरवरून ईएससी तगेल का ते कळतं, चपळ आहे का ते नाही. त्यामुळे घेण्याआधी स्टार्ट मोड, टायमिंग (कॉइलला करंट किती आधी द्यायचा ते) आणि ब्रेक बदलता येतात का ते मॅन्युअलमध्ये बघा. येत नसतील तर कितीही स्वस्त असो, सोडा.

काही जण तर मोटरच्या तारा न बघताच ईएससी मागवतात. तीन सारख्या जाड तारा असतील तर ईएससी. कॉम्प्युटरच्या चार पिनांच्या पंख्यात ड्रायव्हर आतच असतो. त्याला १२ व्होल्ट आणि वेग सांगणारा २५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलणारा) सिग्नल पुरतो.

अर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवरून ईएससी चालवणाऱ्यांची चूक वेगळी. त्याच्या सर्वो लायब्ररीत (सर्वो मोटरसाठीच्या तयार कोडमध्ये) ० ते १८० अंश लिहिले की मूळ सेटिंगला ५४४ ते २४०० मायक्रोसेकंदांचे पल्स जातात. ईएससीला हवे असतात साधारण १००० ते २०००. मग सुरुवातीचे चाळीसेक अंश पंखा ढिम्म, आणि आपण म्हणतो कंट्रोलर मंद आहे! थेट मायक्रोसेकंदांत आकडा द्या आणि थ्रॉटल कॅलिब्रेट करा: थ्रॉटल पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप वाजला की शून्यावर. पंखा आधी टेबलाला घट्ट आवळा आणि बोटं लांब ठेवा.

ड्रोनवाले डीशॉटचा, म्हणजे ईएससीला हुकूम देण्याच्या वेगवान डिजिटल पद्धतीचा, आग्रह धरतील. साधा ५० हर्ट्झचा सिग्नलही दर २० मिलिसेकंदांनी नवा हुकूम देतो. पंख्याला वेग पकडायलाच त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. एका पंख्यासाठी मी तरी डीशॉटवर पैसे घालणार नाही.

वेग झटकन उतरायला हवा असेल तर अ‍ॅक्टिव्ह फ्रीव्हीलिंग (थ्रॉटल कमी होताच मोटरला रोखण्याची सोय) असलेला ईएससी घ्या. मात्र तो पंख्यातली ऊर्जा उलटी बॅटरीकडे ढकलतो. बॅटरी ती पिते, टेबलावरचा पॉवर सप्लाय सहसा पीत नाही. व्होल्टेज चढतं आणि ईएससी जातो. चाचणीही बॅटरीवरच करा. तारा वाढवायच्या झाल्या तर मोटरच्या बाजूच्या वाढवा. बॅटरीच्या बाजूला लांब तारा म्हणजे व्होल्टेजचे झटके. तिथे लांबी टळतच नसेल तर ईएससीजवळ लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा.

एवढं करूनही पंखा जागेवर थरथरतो, फिरत नाही? सेटिंगला हात लावण्याआधी तिन्ही फेज, म्हणजे मोटरच्या तारा, ओढून बघा. माझ्याकडे एका बुलेट कनेक्टरचं सोल्डर वरून छान चकाकत होतं. ओढलं, तर तार हातात आली.