सकाळचं रुटीन नवव्या दिवशी का मोडतं? या चुका टाळा

गेल्या जानेवारीत मी पहाटे पाचचा गजर लावला. उठल्यावर कोमट पाणी, योगासनं, तळजाई टेकडीवर एक चक्कर, परत आल्यावर दहा पानं वाचन. वहीत पट्टीनं रेघा मारून तक्ता केला होता. नवव्या दिवशी ती वही लेकीनं चित्रं काढायला नेली आणि मीही परत मागितली नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते मी अक्षरशः मोजून दाखवले.

दुसऱ्याची सकाळ उसनी आणणं

सगळ्यात मोठी चूक हीच. व्हिडिओत पाचला उठून शांतपणे ध्यान करणाऱ्या माणसाकडे पाणी कधी येतं हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे पुण्यात धनकवडीत आमच्या बिल्डिंगला ते सव्वासहाला येतं आणि सव्वासातला जातं. त्याच तासात पिण्याचं भरायचं, मशीन लावायचं, डबे करायचे. सव्वासातला खाली रिक्षाकाकांचा हॉर्न. आणि मी आसनांची वेळ लिहिली होती साडेसहा! शवासनात डोळे मिटून पडले होते तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, पिंप वाहतंय!" उठून धावले तर ओट्यावर दूधही उतू गेलेलं.

म्हणून नवीन काही ठरवण्याआधी तीन दिवस नुसतं टिपून ठेवा: सकाळी घरात काय, किती वाजता होतं. पाणी, दूध, गिझरसाठी रांग, शाळेची रिक्षा, ऑफिसची बस. या गोष्टी हलणार नाहीत. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना खुंटी समजा आणि नवी सवय तिथे अडकवा. मी आता नळ सोडला की तिथेच उभी राहून मान-खांदे फिरवते, टाचा उचलते. पिंप भरायला बारा मिनिटं लागतात, तेवढा व्यायाम रोज होतो. त्यासाठी वेगळा गजर लागत नाही आणि आठवणही ठेवावी लागत नाही.

गजर मागे, झोप तिथेच

रात्री पावणेबाराला आडवं व्हायचं आणि पाचला उठायचं म्हणजे सव्वापाच तास. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. उरलेले पावणेदोन तास दुपारी ऑफिसात मान टाकून वसूल होतात. तेव्हा आधी रात्र सरकवा, तीही पंधरा-पंधरा मिनिटांनी, दर चार-पाच दिवसांनी.

इथे पुणेकरांचा दुखरा भाग येतो, तो म्हणजे संध्याकाळचा चहा. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात (माणसागणिक कमी-जास्त). म्हणजे साडेसातला अमृततुल्यात घेतलेल्या कपातलं निम्मं साडेबाराला अजून जागंच असतं. मी शेवटचा कप साडेचारवर आणला. सोपं गेलं असं म्हणणार नाही.

आणि उठल्यावर डोकं जड वाटतं, चिडचिड होते, तो आळस नव्हे. जाग आल्यावर मेंदू पूर्ण ताळ्यावर यायला बहुतेकांना पंधरा-तीस मिनिटं लागतात. त्या वेळात "आज जाऊ की नको" हा निर्णय घेऊच नका. साखरझोपेतल्या वकिलापुढे कोणी जिंकत नाही. कपडे, बूट, बाटली रात्रीच काढून ठेवा.

ऋतू न बघता वेळ ठरवणं

जूनच्या सुरुवातीला पुण्यात सहाच्या सुमारास उजाडलेलं असतं. जानेवारीच्या उत्तरार्धात सूर्य उगवायलाच सात वाजून जातात, वर थंडी. मी नेमका सगळ्यात अवघड महिना निवडला होता. पावसाळ्यात टेकडीवर चिखल, पाय घसरायची भीती. तेव्हा घड्याळाची एकच वेळ वर्षभर धरू नका. टेकडीप्रेमींना राग येईल, पण जुलै-ऑगस्टात बिल्डिंगचा जिना तीनदा चढणं-उतरणं पुरतं.

एका दमात पाच सवयी

"एकवीस दिवस रेटा, मग आपोआप होतं" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० मध्ये तो छापून आला. सवय अंगवळणी पडायला त्यात सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरतील, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. साधी सवय लवकर लागली, व्यायामासारखी उशिरा. आणि माझ्यासारख्यांना दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. गावाला लग्न, पोराला ताप, खाडा होणारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा नळापाशी उभं राहायचं.

एकच सवय घ्या, ती हास्यास्पद वाटेल इतकी लहान ठेवा. दहा पानं नाही, एक पान.

मोबाइलबद्दल सगळे बोलतात, मी एवढंच सांगते: तो स्वयंपाकघरात चार्ज करा आणि गजराला साधं घड्याळ आणा. रविवारी मात्र नऊपर्यंत लोळू नका, नाहीतर रात्री झोप लागत नाही आणि सोमवार बिघडतो. तास-पाऊण तास उशीर चालतो.

माझं सध्याचं वेळापत्रक सांगू? पावणेसहाला उठणं, नळाशी बारा मिनिटं, रिक्षा गेल्यावर गॅलरीत एक कप चहा आणि एक पान. तळजाई फक्त शनिवार-रविवार. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवते. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. आणि ती वही परवा कपाटात सापडली. पाचच्या रकान्यात आता मोर आहे, त्याचा पिसारा साडेसातपर्यंत पसरलाय.