कूलर बंद झाला की झोप उडते? मग आवाजाचं मशीन घरीच बनवा

परभणीत मार्चपासून मिरगापर्यंत रात्रभर कूलर चालतो आणि घरातले सगळे गाढ झोपतात. पाऊस पडला, कूलर पुसून माळ्यावर गेला की तक्रारी सुरू, कुत्री भुंकत होती, जिनिंगवर रात्री ट्रक आले, कुणाच्या तरी हळदीचा डीजे दोनपर्यंत चालला. हे आवाज उन्हाळ्यातही असतातच की, पण कूलरच्या घरघरीत ते बुडून जातात. आवाज संपत नाही, खोलीतला सततचा आवाज थोडा वर आला की मधेच झालेला खट किंवा भुंकणं कानाला तेवढं टोचत नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत जिम बकवॉल्टर नावाच्या माणसानं याचंच मशीन काढलं, मोटेलमधल्या एसीच्या आवाजात झोप चांगली लागते हे बघून. आत पंखा, वर भोकं असलेलं झाकण, बस. तसंच मशीन आजही डोम नावानं विकलं जातं.

मोबाईलवर ॲप लावा म्हणणारे लई भेटतात. मी ते सांगत नाही. बऱ्याच ॲपमध्ये छोटा रेकॉर्ड केलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, एकदा का तो जोड कानानं पकडला की रात्रभर त्याचीच वाट बघत बसता, आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा जाड आवाज निघतच नाही. पंख्याची पाती हवा कापतात तेव्हा जे भोवरे होतात ते दरवेळी वेगळे, त्यात जोड नसतो. काटेकोर बोलायचं तर हा व्हाइट नॉईज (सगळे सूर सारख्याच जोरात असलेला सळसळाट) नाही, पंख्याच्या आवाजात खालचे सूर जास्त असतात, आणि म्हणूनच तो कानाला गोड लागतो.

सामान: सहा इंची पीव्हीसी केसिंगचा फूटभर तुकडा (बोअर झालेल्या कुठल्याही शेतात पडलेला असतो), त्याची टोपी, ८० मिमीचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा, १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर, सायकलची जुनी ट्यूब, जुनी स्लिपर. पंख्याच्या लेबलवर निदान ०.३ अँपिअर बघूनच घ्या, 'सायलेंट' लिहिलेला घेऊ नका, आपल्याला आवाजच पाहिजे. २३० व्होल्टची मोटर डब्यात बसवायचे व्हिडिओ फिरतात, झोपायच्या खोलीत तसलं काही करू नका.

टोपीला आणि पाईपच्या वरच्या चार बोटांत ८ मिमीची वीसेक भोकं पाडा, कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा नाहीतर शिट्टी वाजते.

आता पंखा बसवणं, सगळं मशीन इथंच बिघडतं. मी पहिला पंखा सरळ स्क्रूनं पाईपला आवळला होता. लावल्याबरोबर 'घूंऽऽ' असा एकच सूर, दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं, आणि मी आठवडाभर भोकं कमी-जास्त करत बसलो. चूक भोकांत नव्हतीच. मोटरची थरथर पाईपमध्ये उतरत होती आणि पाईपच वाजत होता. आवाज हवेचा पाहिजे, डब्याचा नको, एवढं एक डोक्यात ठेवा. मग फोम चिकटवला, तो उन्हाळ्यात दबला आणि पंखा एका बाजूला जाऊन घासायला लागला. शेवटी ट्यूब कामाला आली. ट्यूबच्या बोटभर रुंद चार पट्ट्या कापा, पंख्याच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांतून ओवा आणि पाईपला मारलेल्या चार स्क्रूंना बांधा, म्हणजे पंखा मधोमध आडवा, वर तोंड करून लटकेल. पट्ट्या ताणून बांधायच्या नाहीत, इथंच सगळे चुकतात. ताणलेली पट्टी थरथर पोचवतेच. बोटानं पंखा दाबून सोडला की दोन-तीनदा हलकेच डोलला पाहिजे. पट्टी पात्यांच्या समोर येऊ देऊ नका, पात्याजवळ कुठलीही वस्तू आली की प्रत्येक पातं तिच्यावरून जाताना टोला देतं आणि तो सूर परत येतो, टोपीसुद्धा पंख्यापासून तीन-चार बोटं लांब ठेवा. वायरही ताठ ठेवू नका, आत एक ढिला वेटोळा सोडा, मी हे विसरलो होतो आणि सगळं नीट असून घूं जात नव्हतं.

मशीन चालू करून पाईपवर पूर्ण तळहात ठेवा. हाताला मुंग्या आल्यासारखं झालं तर पट्ट्या ढिल्या करा, परत बघा. हात शांत पाहिजे आणि कानाला फक्त वारं.

खाली स्लिपरचे तीन तुकडे चिकटवा, हवा तिथूनच आत येते. लोखंडी कपाटावर किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवू नका.

सुरासाठी त्याच पाईपची चार बोटांची कडी कापा, तिला उभी चीर द्या, ती फाकून बाहेरून बसते. तिलाही तशीच भोकं पाडा आणि फिरवा. भोकं उघडी तर आवाज मोठा आणि पातळ, झाकत आणली की जाड. पूर्ण बंद करू नका.

ठेवायचं कुठं, तर उशाशी नाही, खिडकी आणि पलंगाच्या मधे, जिकडून गोंगाट येतो तिकडं. लहान बाळ असेल तर जास्तच जपा. २०१४ मध्ये पिडियाट्रिक्स या नियतकालिकात बाळांसाठीची १४ मशीनं तपासलेला अभ्यास आला होता, पूर्ण आवाजावर ती सगळी ५० डेसिबलच्या, म्हणजे दवाखान्यातल्या बाळांच्या खोलीसाठी सांगितलेल्या मर्यादेच्या वर गेली. मशीन निदान सात फूट लांब आणि आवाज कमीच ठेवायचा.

आणि लाईट. लाईट गेली की अचानक शांतता होते आणि त्या शांततेनंच जाग येते. आमच्याकडं मी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी जोडून ठेवतो, वायरीत एक फ्यूज टाकून. चांगल्या चार्जवर रात्र आरामात निघते, सकाळी परत चार्जिंगला लावायची.