आरसी विमान शिकायचंय? सिम्युलेटर निवडण्याआधी रिमोट घ्या

आरसी, म्हणजे रिमोटने उडवायचं छोटं विमान, संगणकावर शिकायला कोणता सिम्युलेटर घ्यावा, असं विचारलं की लोक ग्राफिक्सचं कौतुक सांगू लागतात. गवत खरं दिसलं म्हणून विमान उतरवता येत नाही. तुम्ही मैदानात जो ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, हातात धरणार, तोच सिम्युलेटरला जोडता येतो का, एवढंच आधी बघा.

म्हणून ट्रान्समीटर आधी घ्या. मोड २, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी स्टिक) डाव्या हाताला. तुमच्या मैदानावरचे शिकवणारे दुसरा मोड वापरत असतील, तर तो. एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओमास्टर कंपनीचे रिमोट यूएसबी केबल लावली की जॉयस्टिक म्हणून चालतात. फ्लायस्काय एफएस-आय६ या रिमोटसाठी मागच्या गोल ट्रेनर पोर्टात बसणारी सिम्युलेटर केबल वेगळी घ्यावी लागते.

गेमपॅडवर शिकू नका. मी दोन महिने शिकलो आणि पहिलं फोमचं विमान बाभळीत घातलं. गेमपॅडची काडी सोडली की मध्यावर येते, ट्रान्समीटरचा थ्रॉटल मात्र सोडाल तिथेच थांबतो. उतरताना सवयीने मी बोट उचललं, मोटर तशीच जोरात फिरत राहिली.

आता जोडणी. मी सगळ्यात जास्त अडखळलो ते इथे. रिमोटमध्ये नवीन रिकामं मॉडेल बनवा. मिक्सिंग (एका स्टिकने दोन गोष्टी हलवणं), एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणं) काही नको, ट्रिम (स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी बटणं) मध्यावर. मग सिम्युलेटरमध्ये कॅलिब्रेशन करा, म्हणजे दोन्ही स्टिक चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवून त्यांची हद्द त्याला ओळखू द्या. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखावरची फळी) उलटा चालला तर दिशा सिम्युलेटरच्या सेटिंगमध्येच बदला. मी रिमोटमध्ये मिक्सिंग असलेलं जुनंच मॉडेल वापरलं होतं. विमान सतत एका बाजूला कलायचं, आणि आठवडाभर मी माझ्याच हातांना दोष देत राहिलो.

यानंतर सिम्युलेटरची खरी परीक्षा. कॅमेरा जमिनीवर, तुम्ही उभे असता तिथे हवा. विमानाच्या मागून किंवा कॉकपिटमधून दिसणारं दृश्य बंद ठेवा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या कामाचा नाही, तो कितीही सुंदर असो. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं वाटतं, आणि नवशिक्यांची बरीच विमानं तिथेच पडतात. तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक ढकलायची, जणू त्याला खालून टेकू देताय. विचार न करता हात तिकडे जाईपर्यंत हेच करत राहा. वाराही वाढवता यायला हवा, आणि वरच्या पंखाचं साधं ट्रेनर विमान त्यात हवंच.

सुरुवात पिकासिम या सिम्युलेटरने करा. मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. आडव्या वाऱ्यात सलग दहा लँडिंग जमली की मग हवं तर पैसे घालून रिअलफ्लाइट घ्या. तो विंडोजवर चालतो. मॅक असेल तर एअरोफ्लाय आरसी बघा.