लष्करी सेवेतून बाद झालेली जीप कामासाठी घेताना

लष्कराने सेवेतून बाद केलेले फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन विकत घेताना त्याच्या रुबाबापेक्षा आपले काम आधी विचारात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप दुरुस्तीला सोपी आहे, परंतु मुळातच ती हलक्या ओझ्यासाठी घडवलेली आहे. जर्मन उनिमोग किंवा ऑस्ट्रियन पिंट्सगाउअर या लष्करी गाड्यांच्या चाकांजवळच्या गिअरांमुळे आस जमिनीपासून बराच उंच राहतो. मात्र त्यांचे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री सहजी मिळत नाहीत. रोजच्या राबत्यासाठी, माझ्या मते, मोठ्या संख्येने तयार झालेले साधे मॉडेलच बरे.

मीटरवरचे कमी किलोमीटर पाहून हुरळून जाऊ नये. वायरलेस संच बसवलेल्या गाड्यांची इंजिने बॅटरी चार्ज ठेवण्यासाठी जागेवरच तासन् तास चालवली जात, आणि त्याची नोंद किलोमीटरमध्ये होत नाही. उलट वर्षानुवर्षे गोदामात उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल सील सुकतात, पेट्रोलची टाकी आतून गंजते आणि ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. तेथे 2312 असल्यास तो टायर 2012 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे.

सर्वांत जास्त वेळ चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, द्यावा. हिरव्या रंगाचे थरावर थर चढवलेले असल्याने गंज वरून दिसत नाही, म्हणून गाडीखाली शिरून मागचा आडवा दांडा, स्प्रिंगांचे टेकू आणि पोकळ पट्ट्यांची खालची बाजू लहान हातोडीने ठोकत जावी. निरोगी पोलाद खणखणते, कुजलेल्या जागी बद्द आवाज येतो. लँड रोव्हरचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे असल्याने ती दुरून ताजीतवानी दिसते, पण तिची चासी पोलादाची आहे आणि हे दोन धातू एकमेकांना टेकून जेथे ओल धरतात तेथे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी पडलेली आढळते. पत्रा बदलता येतो. कुजलेल्या चासीची गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी.

त्यानंतर गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलमधील (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या पेट्यांमधील) ऑइल तपासावे. ते दुधट असेल तर आत पाणी शिरले आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह चालवून पाहायची ती मोकळ्या मातीवर, कारण पुढच्या व मागच्या आसांमधला डिफरन्शियल नसलेल्या गाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गिअरांवर विनाकारण ताण येतो.

अनेक लष्करी गाड्यांची वीजव्यवस्था 24 व्होल्टची असते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच 12 व्होल्टची जोडणी काढल्यास दोन्ही सारख्या चार्ज होत नाहीत. त्यासाठी 24 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावावा. अमेरिकी लष्करी गाड्यांच्या ब्रेकमध्ये सिलिकोनचे द्रव असू शकते, त्यात नेहमीचे ब्रेक ऑइल मिसळू नये.

पैसे मोजण्यापूर्वी चासीवर कोरलेला क्रमांक लष्कराच्या विक्रीपत्राशी अंकन् अंक जुळवावा आणि अशा वाहनाची नागरी नोंदणी होते का, हे नोंदणी कार्यालयात आधीच विचारावे. लिलावात गाडी चालवून पाहायला मिळतेच असे नाही. तेव्हा ती चालवत आणण्याऐवजी ट्रेलरवर घालूनच आणावी आणि ब्रेकच्या रबरी नळ्या, सगळी ऑइले व टायर बदलल्याशिवाय तिच्यावर ओझे लादू नये.