हप्ता थकलाय आणि वसुलीवाला दारात आहे: आता काय करायचं?

बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत मागांची खडखड थांबली, की थोड्याच दिवसांत दारात मोटरसायकल येऊन थांबते. फिल्डवाला, म्हणजे कंपनीचा वसुलीचा माणूस, उंबऱ्यापाशी उभा राहतो आणि जरा मोठ्यानंच विचारतो, "ताई, हप्ता कधी देताय?" शेजारणीला ऐकू जावं म्हणूनच तो आवाज चढवतो. वसुलीचं निम्मं काम लाजेवर चालतं. तेव्हा खाली जे सांगतोय ते सगळं एका गोष्टीसाठी: दारातली बोलणी कागदावर न्यायची.

आधी कार्ड शोधा

बहुतेक घरांत हप्त्याचं कार्ड रेशनकार्डाच्याच पिशवीत असतं. त्यावर कर्ज देणारं नेमकं कोण ते वाचा. आपल्याकडे सगळ्याच कर्जाला 'संघाचं कर्ज' म्हणायची सवय, आणि घोळ तिथंच होतो. बँक आणि नोंदणीकृत फायनान्स कंपनी रिझर्व्ह बँकेच्या नियमात येतात. पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याकडे जाते. गावातल्या सावकाराला राज्याचा परवाना लागतो. दार चुकलं की तक्रार महिनोन्महिने फिरत राहते.

मग मुलांच्या जुन्या वहीत प्रत्येक कर्जापुढे लिहा: घेतले किती, भरले किती, थकले किती. तीन-चार कर्जं असतील तर एकाचा हप्ता भरायला दुसरं काढलेलं असतंच. ते आजपासून बंद. फिल्डवाला "नवं मोठं लोन देतो, जुनं त्यातच भागेल" म्हणाला तरीही बंद.

वसुलीवाल्यानं काय करायचं नाही

घराचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम स्पष्ट आहेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी, सारखे फोन नाहीत. थकबाकीदारांची नावं जाहीर करायची नाहीत. नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. म्हणजे चंदगडला माहेरी फोन करून भावाला "तुमची बहीण पैसे बुडवतेय" म्हणणंही चालत नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हायची. लागोपाठ दोनदा तुम्ही तिथं गेला नाहीत तरच तो घरी येऊ शकतो. म्हणून पैसे नसले तरी सेंटरच्या मीटिंगला, म्हणजे गटातल्या बायका हप्ता भरायला जमतात तिथं, जा. हे जड जातं, ठाऊक आहे, पण गैरहजर राहून आपणच त्याला घराचा रस्ता दाखवतो.

आणखी एक नियम फारसा कुणी सांगत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज द्यायचंच नाही. घरात 16,000 येतात आणि हप्ते 11,000 चे, तर कर्ज देताना कंपनीनं काय तपासलं, हे अर्जात विचारा.

गटातल्या बायका

कंपनीपेक्षा त्यांचंच दडपण जास्त. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना बसवून ठेवतात, मग काल हळदी-कुंकवाला आलेली वैनी आज तोंड फिरवते. मीटिंगच्या आदल्या दिवशीच दोघी-तिघींच्या घरी जाऊन खरं सांगा. त्या अर्जावर सही करतील तर फारच चांगलं. तुमच्या नावावर कर्ज उचलून पैसे दुसऱ्याच कुणी नेले असतील, तर कंपनीच्या लेखी कर्जदार तुम्हीच. पण नेणाऱ्याविरुद्ध फसवणुकीची वेगळी तक्रार पोलिसांत द्या.

अर्ज

शाखेच्या नावानं, दोन प्रतींत. एवढं पुरतं:

"माझा महिन्याचा हप्ता रु. 2,150 आहे. माग बंद असल्यानं उत्पन्न घटलं आहे. मी कर्ज नाकारत नाही. सध्या दरमहा रु. 800 भरू शकते. मुदत वाढवून हप्ता कमी करावा. थकबाकीचा हिशेब लेखी द्यावा."

आकडा झेपेल तोच लिहा. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 त्यात धरू नका, ते घरातल्या पिठामिठाला राहू देत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. रोख दिली की पावती घ्या, आणि फिल्डवाल्याच्या स्वतःच्या फोनपेवर एक रुपयाही टाकू नका.

तक्रार

कंपनीकडे लेखी तक्रार देऊन 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी 14448. धमकी, घराला कुलूप, सामान उचलणं असं काही झालं तर थांबू नका, 112 लावा. कर्नाटकात फेब्रुवारी 2025 मध्ये यावर वटहुकूम निघाला, पुढं त्याचा कायदा झाला. जुलमी वसुलीला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे, आणि पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. मात्र या कायद्यानं सगळी कर्जं माफ झाली ही समजूत खोटी. माफी आहे ती नोंदणी वा परवाना नसलेल्यांनी दुबळ्या घटकांना दिलेल्या कर्जांना.

भाषेची अडचण आपल्या भागात ठरलेलीच. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे सरकारी अधिकाऱ्याकडे तक्रारीचा अर्ज मराठीतूनही देता येतो. तरी कॉलेजातल्या पोरीकडून कानडी प्रत लिहून सोबत जोडा; हक्काचं भांडण आज नको, काम आज हवंय. आणि कानडीत लिहिलेला जबाब कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

नोटीस आली तर

लोकअदालतीची नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. तिथं तडजोड पटली तरच सही करायची, कारण एकदा झालेल्या निवाड्यावर अपील नाही. चेक परत गेल्याची नोटीस मात्र वेगळी: ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला होऊ शकतो. घर तारण असेल आणि 60 दिवसांची नोटीस आली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून वकील गाठा. महिलांना उत्पन्न न बघता जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन 15100. रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा झाला असेल, तर 14416 वर बोला, तेही मोफत.

कर्ज फिटेल त्या दिवशी शाखेतून तसाच उठू नका. 'येणे बाकी नाही' असा दाखला आणि कर्ज घेताना दिलेले कोरे चेक मागून घ्या, आणि ते चेक तिथंच, काउंटरसमोर फाडा.