‘सुख म्हणजे सुख’? ग्रीक तत्त्वज्ञान मराठीत आणताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलच्या निकोमाखीय नीतिशास्त्रातला पहिल्या भागातला एक उतारा मराठीत करायला घेतला होता. कच्चा खर्डा असा उतरला: ‘सर्वोच्च साध्य म्हणजे सुख, यावर सामान्य लोक आणि जाणते या दोघांचंही एकमत आहे. पण सुख म्हणजे काय, इथे वाद सुरू होतो. कुणी म्हणतं सुख, कुणी संपत्ती, कुणी मानमरातब.’ मैत्रिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘सुख म्हणजे काय, तर सुख? मग वाद कसला?’

मुळात तिथे दोन वेगळे शब्द आहेत. ज्यावर एकमत आहे ती एउदाइमोनिया (ढोबळमानाने, आयुष्य चांगलं जगणं), आणि ज्याला काही लोक एउदाइमोनिया समजतात ती हेदोने (मनाला-शरीराला वाटणारं सुख). (दोन्हीकडे ‘द’च, ‘ड’ नाही. ‘युडेमोनिया’ आणि ‘हेडोनी’ इंग्रजीच्या वाटेने आले.) आपल्या ‘सुख’ या शब्दाने दोन्ही गिळून टाकले आणि ॲरिस्टॉटलचा अख्खा प्रश्नच पोटात गेला.

‘सुख’ कुणाला द्यायचं, ते आधी ठरवा

माझं मत: ‘सुख’ हेदोनेला द्या. ग्रीकमध्ये हेदोनेच्या समोर ल्युपे (दुःख, वेदना) उभी असते आणि ही जोडी आपल्या सुख-दुःखाच्या जोडीवर बऱ्यापैकी बसते. ‘उपभोग’ किंवा ‘भोग’ घेतलात तर शब्दातच नापसंती येते. हेदोने चांगली की वाईट, हाच तर त्या सगळ्या ग्रीक तत्त्वज्ञांचा वाद होता. तो अनुवादकाने परस्पर निकालात काढायचा नसतो.

मग एउदाइमोनियाचं काय? बहुतेकांचा हात ‘आनंद’कडे जातो. माझाही गेला होता. पण त्याच ग्रंथात पुढे ॲरिस्टॉटल म्हणतो की बैल, घोडा यांना आपण एउदाइमोन म्हणत नाही आणि लहान मुलालाही नाही. इथे ‘आनंदी’ घालून बघा. लहान मूल आनंदी नसतं? मराठी वाचक पुस्तक मिटून चहा टाकायला जाईल. ‘आनंद’ ही मनाची अवस्था, क्षणात येते आणि जाते. शिवाय तिच्यामागे ब्रह्मानंदाची मोठी सावली आहे. एउदाइमोनिया हा आख्ख्या आयुष्याविषयीचा निवाडा आहे. म्हणून तर एका पाकोळीने वसंत होत नाही, असं तो म्हणतो.

दुसरा मोह व्युत्पत्तीचा. ‘एउ’ म्हणजे चांगला, ‘दाइमोन’ म्हणजे दैवत, झालं ‘सुदैव’! पण नशीब आणि एउदाइमोनिया यांची गल्लत करणाऱ्यांना ॲरिस्टॉटल स्वतःच बाजूला करतो. नशिबाची साथ लागते हे त्याला मान्य आहे, पण तेवढ्यावर भागत नाही.

मी शेवटी ‘कृतार्थता’वर आलो, कारण ‘जन्माचं सार्थक झालं’ असं आपण जेव्हा मनापासून म्हणतो तेव्हा त्या अर्थाच्या जवळ पोचतो. या शब्दातही खोट आहे. ‘कृतार्थ’ म्हटलं की काम संपवून आरामखुर्चीत बसलेले आजोबा दिसतात, आणि ॲरिस्टॉटलच्या लेखी एउदाइमोनिया म्हणजे चालू असलेली क्रिया. त्यामुळे पहिल्यांदा शब्द येईल तिथे दोन ओळींची टीप द्या आणि पुढे तोच शब्द शेवटपर्यंत पाळा. एका पानावर ‘कृतार्थता’, दुसऱ्यावर ‘कल्याण’, तिसऱ्यावर ‘परमसुख’ असं लालित्यासाठी केलंत की युक्तिवादाचा धागा तुटलाच.

एपिक्युरसला चार्वाकाचा सदरा चढवू नका

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यापाशी जरा थांबू. ‘एपिक्युरस म्हणजे ग्रीकांचा चार्वाक, खा-प्या-मजा करा’ हे वाक्य अनेक ठिकाणी वाचलंय. इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मलेला हा माणूस अथेन्समधल्या आपल्या बागेत शिष्यांसोबत राहायचा. मेनोइकेउस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो साफ सांगतो की सुख हे साध्य म्हणताना मला चैनबाजांची सुखं अभिप्रेत नाहीत. शरीराला वेदना नसणं आणि मनाला खळबळ नसणं अभिप्रेत आहे. भूक लागलेल्याला भाकरी आणि पाणी परमोच्च सुख देतात, हेही तिथलंच. एका पत्रात तो मित्राकडे चीजचं छोटं मडकं मागतो, कशासाठी, तर हवं तेव्हा चैन करता यावी म्हणून. इंग्रजीतून येणारे इथे ‘मेजवानी’ लिहितात. मी ‘चंगळ’ लिहितो. चीजच्या तुकड्याला चंगळ म्हणण्यातला मिस्कीलपणा त्याशिवाय उतरत नाही.

चार्वाकाच्या बाजूनेही ही तुलना अन्यायाचीच. ‘ऋण काढून तूप प्या’ हे वचन आपल्याला ठाऊक आहे ते चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रह या वेदान्ती ग्रंथातून, म्हणजे विरोधी पक्षाच्या वकिलाकडून. तुलना करायचीच तर किरेनेच्या (आजच्या लिबियातल्या) ॲरिस्टिप्पसच्या परंपरेशी करा. ते लोक या क्षणाच्या, शरीराच्या सुखालाच साध्य मानत. एपिक्युरसच्या मते वेदना गेली की सुखाची कमाल गाठली. पुढे फक्त प्रकार बदलतात.

त्या मनाच्या खळबळ नसण्याला तो अताराक्सिया म्हणतो. इथे ‘वैराग्य’ नको, ‘शांती’ही नको, भगवी छटा येते. ‘निश्चिंती’ चालेल: देवांची, मरणाची धाकधूक नाही.

‘सुखवाद’ हा शब्दही सांभाळून वापरा. टिळकांच्या गीतारहस्यात (१९१५) ‘आधिभौतिक सुखवाद’ असं प्रकरणच आहे आणि तिथे समाचार बेंथम-मिल या इंग्रज विचारवंतांचाही घेतला आहे. तो शब्द वाचला की मराठी वाचकाच्या डोक्यात एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड शिरतं. एपिक्युरससाठी तो वापरलात तर फरक सांगून वापरा.

शब्दांचा हा घोळ रोमन लेखक सिसेरोचाही झाला होता, म्हणून फार मनाला लावून घेऊ नका. इ.स.पू. ४५ मध्ये तो हेदोनेसाठी लॅटिन ‘वोलुप्तास’ घेतो, याहून नेमका शब्द नाही असं ठासून सांगतो, आणि मग वेदना नसण्याला एपिक्युरस वोलुप्तास का म्हणतो म्हणून त्याच्याशी भांडतो.

बारीकसारीक, पण डोकेदुखीच्या

अरेते (आपलं काम उत्तम करण्याचा गुण) म्हणजे दर वेळी ‘सद्गुण’ नाही. प्लेटोच्या रिपब्लिकमध्ये डोळ्यांची अरेते येते, ॲरिस्टॉटलकडे घोड्याची. डोळ्यांचा सद्गुण? ‘सद्गुणानुसार क्रिया’ लिहिलंत की सगळं मूल्यशिक्षणाच्या तासासारखं वाटू लागतं. ‘उत्तमता’ रुक्ष आहे, पण फसवत नाही.

प्लेटोच्या ‘गोर्गियास’ या संवादात हावरट माणसाची उपमा गळक्या पिथोसशी दिली आहे. इंग्रजीतून येताना त्याची ‘बरणी’ झालेली मी पाहिलीय. लोणच्याची! पिथोस म्हणजे धान्य-तेल साठवायचं मोठं मातीचं भांडं, आपला रांजण. फुटका रांजण म्हटलं की उपमा आपोआप उभी राहते. आणि त्याच संवादातलं ‘भरलेला रांजण म्हणजे दगडाचं जिणं, मजा ओतत राहण्यात आहे’ हे मत कॅलिक्लेस या पात्राचं आहे. ‘प्लेटो म्हणतो’ अशी शेपटी लावून ते पुढे पाठवू नका.

ॲरिस्टॉटल सुखाची चर्चा दोनदा करतो, सातव्या भागात आणि दहाव्यात, आणि दोन्हीकडे सूर वेगळा आहे. आधी सुख म्हणजे विनाअडथळा क्रिया. नंतर क्रियेला पूर्णत्व देणारं काहीतरी, ऐन उमेदीतल्या माणसाच्या अंगावरच्या तुकतुकीसारखं. दोन्हींचा मेळ घालायची खुमखुमी येते. अनुवादात घालू नका, प्रस्तावनेत हवा तेवढा घाला.

संदर्भ देताना इंग्रजी आवृत्तीचं पान देऊ नका. ॲरिस्टॉटलसाठी बेकरचे आकडे, प्लेटोसाठी स्तेफानुसचे (जुन्या प्रमाण आवृत्त्यांचे पानांचे आकडे, कुठल्याही अनुवादात जागा शोधता येते). माझ्या त्या फसलेल्या उताऱ्याचा पत्ता १०९५अ. मैत्रिणीला नवा खर्डा पाठवलाय, ‘कृतार्थता’ घालून. तिचं म्हणणं, आता वाद कळतो, पण शब्द सेवानिवृत्तीच्या समारंभातला वाटतो.