जड क्वार्कांच्या टेट्राक्वार्कवर काम करताय? या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात टेट्राक्वार्क-पेंटाक्वार्कचा (चार किंवा पाच क्वार्कांच्या कणांचा) विषय घेणारे विद्यार्थी आता बरेच भेटतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. २००३ मध्ये जपानच्या बेल प्रयोगात एक्स(३८७२) हा कण सापडला आणि तेव्हापासून हा विषय थांबलेला नाही. मात्र त्यांच्या वह्या तपासताना त्याच त्या चुका समोर येतात, आणि त्यातल्या बहुतेक एकाच जागी होतात : उंबरठ्यावर. उंबरठा म्हणजे थ्रेशोल्ड. आपला कण ज्या दोन हॅड्रॉनांत (क्वार्कांनी बनलेल्या कणांत) फुटू शकतो, त्यांच्या वस्तुमानांची बेरीज.

सरासरी घेऊ नका

एक्स(३८७२) हा डी आणि अँटी-डीस्टार या मेसॉनांचा (चार्म असलेल्या क्वार्क-अँटीक्वार्क जोड्यांचा) सैल रेणू आहे असं धरून गणित करायला घेतलं, की पहिल्याच ओळीत डी-चं वस्तुमान लागतं. इथे कित्येक जण उदासीन आणि प्रभारित डी-ची सरासरी टाकून पुढे जातात. काय होतं ते आकड्यांतच बघा. उदासीन जोडीचा उंबरठा ३८७१.६९ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), प्रभारित जोडीचा ३८७९.९२. सरासरी ३८७५.८. एक्सचं वस्तुमान ३८७१.६५ च्या आसपास, म्हणजे बंधन ऊर्जा चार एमईव्हीच्या थोडी वर. आता १९७.३ (म्हणजे ħc, एमईव्ही-फर्मीमध्ये) ला √(२ × रिड्यूस्ड मास × बंधन ऊर्जा) ने भागा. रिड्यूस्ड मास ९६७ एमईव्ही धरलं तर आकार येतो २.२ फर्मी (एक फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर). उत्तर इतकं सुबक दिसतं की कुणाला शंकाच येत नाही.

खरा उंबरठा मात्र उदासीन जोडीचा आहे आणि एक्स त्याला अक्षरशः चिकटून बसलाय. दोघांतला फरक मोजमापाच्या अनिश्चिततेएवढाच आहे. बंधन ऊर्जा ०.१ एमईव्ही धरा, आकार १४ फर्मी होतो. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फर्मी आहे हे लक्षात घेतलं, की सरासरीने काय हिरावून नेलं ते कळतं. शिवाय याच सव्वाआठ एमईव्हीच्या फरकात आणखी एका कोड्याची किल्ली आहे. एक्स हा जे/साय-रो आणि जे/साय-ओमेगा या दोन्ही मार्गांनी फुटतो, जणू आयसोस्पिन (अप आणि डाउन क्वार्कांमधली सममिती) त्याला बांधतच नाही. बाहेरचा सगळा पसारा उदासीन जोडीचा असल्यामुळे हे घडू शकतं. सरासरी घेणाऱ्याला ही गोष्ट दिसणारच नाही.

२०२१ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने जाहीर केलेल्या टीसीसी या कणालाही हेच लागू आहे. त्यात दोन चार्म क्वार्क आणि दोन हलके अँटीक्वार्क आहेत. तो डी-शून्य आणि डीस्टार-प्लस यांच्या उंबरठ्याच्या (३८७५.१०) जेमतेम ०.३६ एमईव्ही खाली आहे आणि दुसरा उंबरठा पहिल्याच्या फक्त १.४ एमईव्ही वर. इथे दशांश चिन्हानंतरचे अंक टाकून देऊन चालणार नाही.

चिन्हाची एक चूक

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी तीन आठवडे माझा एक्स बांधलाच जाईना. कटऑफ वाढवला, ग्रिड बारीक केला, काही उपयोग नाही. शेवटी सगळं कागदावर पुन्हा लिहून काढलं तेव्हा सापडलं : डीस्टारवर चार्ज कॉन्ज्युगेशन लावल्यावर येणारं चिन्ह मी एका पेपरमधून घेतलं होतं आणि व्हर्टेक्स दुसऱ्या पेपरमधून. दोन्ही पेपर आपापल्या जागी बरोबर होते, संकेत मात्र वेगळे. परिणाम असा, की मी १++ (सी-पॅरिटी धन) समजून १+- (सी-पॅरिटी ऋण) सोडवत होते आणि पायऑनच्या देवाणघेवाणीतलं आकर्षण प्रतिकर्षण होऊन बसलं होतं. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर संकेत लिहिल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही, आणि नवीन कोडवर दोन्ही सी-पॅरिटी चालवून चिन्ह खरंच उलटतंय का ते आधी बघते.

प्रतिमान तुमचं, उंबरठाही तुमचाच हवा

क्वार्क मॉडेलमधून टेट्राक्वार्कचं वस्तुमान काढायचं आणि ते पीडीजीच्या (पार्टिकल डेटा ग्रुपच्या) तक्त्यातल्या मेसॉनांशी ताडून बघायचं, ही चूक छापील लेखांतही दिसते. तुमच्या मॉडेलमध्ये डीस्टार ३० एमईव्हीने जड येत असेल, तर तेवढाच बिघाड टेट्राक्वार्कमध्येही शिरलेला असणार. दोन मेसॉन त्याच हॅमिल्टोनियनमधून, त्याच पॅरामीटरांनी काढा आणि त्यांची बेरीज उंबरठा म्हणून वापरा. क्वार्कचं वस्तुमानही बेरियॉनमधून उचललेलं मेसॉनमध्ये तसंच बसत नाही. कार्लिनर आणि रोझनर यांच्या पद्धतीत हलक्या क्वार्कचं वस्तुमान मेसॉनांत सुमारे ३१० तर बेरियॉनांत सुमारे ३६३ एमईव्ही धरलं जातं. एवढ्या फरकाने बद्ध अवस्था येते किंवा जाते.

यातूनच पुढचा घोटाळा होतो. गॉसियन बेसिस घेऊन मॅट्रिक्स सोडवलं की उंबरठ्याच्या वरही ऊर्जापातळ्यांची रांग लागते आणि प्रत्येक पातळीला 'रेझोनन्स' (अल्पायुषी कण) म्हणण्याचा मोह होतो. त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे दोन मोकळे मेसॉन, तुमच्या मर्यादित बेसिसने डब्यात कोंडलेले. ओळखायचं कसं? बेसिसमधली सर्वांत मोठी लांबी हळूहळू वाढवा. मोकळ्या मेसॉनांच्या पातळ्या उंबरठ्याकडे घसरत जातात, खरा रेझोनन्स जागच्या जागी राहतो. कॉम्प्लेक्स स्केलिंग केलं तर हेच आणखी स्वच्छ दिसतं. लॅटिसवर (अवकाश-काळाची जाळी करून क्यूसीडी, म्हणजे क्वार्कांचा सिद्धांत, सोडवण्यावर) काम करणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. तिथेही डब्यातली पातळी म्हणजे कण नव्हे. ल्यूशरच्या पद्धतीने विखुरण अँप्लिट्यूड काढून ध्रुव (पोल) कुठे आहे ते पाहावं लागतं. पद्मनाथ आणि प्रेलोव्शेक यांनी २०२२ मध्ये सुमारे २८० एमईव्हीच्या पायऑनवर टीसीसी-चं गणित केलं तेव्हा बद्ध अवस्था नव्हे, तर व्हर्च्युअल स्टेट (जेमतेम न बांधली गेलेली अवस्था) मिळाली. पायऑन खऱ्यापेक्षा जड असेल तर निकाल तसाच्या तसा प्रयोगाशी जोडू नये.

रंगाचा (क्वार्कांच्या कलर प्रभाराचा) भाग थोडक्यात. दोन चार्म क्वार्क एस-वेव्हमध्ये प्रति-त्रिक रंगात असतील तर स्पिन १च, षट्क रंगात असतील तर स्पिन शून्यच. पाउली दुसरं काही चालू देत नाही. आणि षट्काचा भाग 'प्रतिकर्षक आहे' म्हणून फेकून देऊ नका. दोन मोकळे मेसॉन, म्हणजे दोन्ही रंगहीन (सिंगलेट) असलेली अवस्था, प्रति-त्रिक आणि षट्क अशा दोन्ही भागांनी बनते, आणि त्यात षट्काचा वाटा दोन-तृतीयांश आहे. तो टाकला की तुमचा कण फुटून मेसॉन होऊच शकत नाही आणि उगाच स्थिर वाटतो.

प्रत्येक उंचवटा कण नसतो

उंबरठा उघडताना नुसता कस्पही (टोकदार वळण) आलेखावर उंचवटा उभा करतो, त्रिकोणी आकृतीची सिंग्युलॅरिटीही करते. म्हणून वस्तुमान जुळलं एवढ्यावर समाधान मानू नका. २०१६ मध्ये फर्मीलॅबच्या डी-झीरो प्रयोगाने एक्स(५५६८) जाहीर केला आणि काही आठवड्यांतच नेमकं तेच वस्तुमान देणारी कितीतरी मॉडेल्स प्रसिद्ध झाली. पुढे एलएचसीबी, सीएमएस, सीडीएफ, ॲटलास कुणालाच तो दिसला नाही. आधीच शंका घ्यायला जागा होती : बी आणि के मेसॉनांच्या उंबरठ्याच्या तो दोनशे एमईव्ही खाली होता. एवढं खोल बंधन मॉडेलमध्ये सहज येत असेल, तर त्याच पॅरामीटरांनी आणखी किती कण यायला हवेत आणि ते का दिसत नाहीत, हा प्रश्न मॉडेलला विचारायलाच हवा.

क्यूसीडी सम रूल वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. चार क्वार्कांच्या करंटची स्पेक्ट्रल डेन्सिटी ऊर्जेच्या वर्गाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे बोरेल विंडोमध्ये (गणित ज्या पट्ट्यात विश्वासार्ह असतं तिथे) कंटिन्युअमच, म्हणजे कणाबाहेरची पार्श्वभूमीच, भरून राहतो. पोलचा, म्हणजे कणाचा, वाटा किती टक्के आहे ते छापा, लपवू नका. आणि करंट रेणूच्या रूपात लिहिला म्हणून कण रेणू ठरत नाही. फिर्झ रूपांतराने तोच करंट डायक्वार्कच्या (क्वार्क-जोडीच्या) भाषेत येतो.

सुरुवात कुठून करावी असं मला विचारलं तर मी म्हणेन, दोन बॉटम क्वार्कांच्या टेट्राक्वार्कपासून. प्रयोगात तो अजून सापडलेला नाही, पण कोड तपासायला त्याच्यासारखा कण नाही. कार्लिनर-रोझनर यांनी २०१७ मध्ये तो उंबरठ्याच्या २१५ एमईव्ही खाली असेल असं सांगितलं. २०१९ मध्ये जुन्नरकर, माथुर आणि पद्मनाथ यांच्या लॅटिस गणितात (माथुर आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे) सुमारे १४३ आलं. आकडे वेगळे, पण बंधन खोल आहे यावर दोघांचं एकमत. तुमच्या कोडमध्ये इथे बद्ध अवस्था आली नाही, तर आधी बी आणि बीस्टार (बॉटम क्वार्क असलेले मेसॉन) यांची वस्तुमानं तुमच्याच मॉडेलमधून काढली आहेत ना ते बघा, मग जड जोडीचा स्पिन १ आणि हलक्या जोडीचा शून्य आहे ना ते. दोन्ही ठीक निघालं की मगच टीसीसी-ला हात घाला.